अर्धं तिकीट, अर्धी गोळी

पहाटे ५.४०. कराड. चपात्या झाल्यात, भाजी फोडणीला पडलीय. दोन डबे. एक मुलाचा, एक स्वतःचा. ताई सोशल वर्कर आहेत, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात, सांगली जिल्ह्यात. नोकरी कंत्राटी. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा. "नाव छापू नका," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये ऑर्डर संपतीय."

६.५०. कराड स्टँड. विट्याची लालपरी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, म्हणून चाळीसेक रुपयांत भागतं. माझं पूर्ण. ओगलेवाडी मागे पडते. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, पण आता तुरळक. गळीत हंगाम संपत आलाय. मार्चचा शेवटचा आठवडा.

८.४५. रस्त्यावरच्याच एका तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. महिन्यातून एकदा इथं मनाची ओपीडी भरते. खोली उसनी. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता तसाच आहे. ताई टेबल पुसतात, कपाट उघडतात, रजिस्टर काढतात. मग कात्री. ही कात्री त्यांची स्वतःची, घरून आणलेली.

१०.१०. सांगलीहून भाड्याची गाडी आली. डॉक्टर, सिस्टर आणि औषधांचे दोन खोके. ड्रायव्हरमामा आधी लॉगबुकात किलोमीटर लिहितात. त्या सहीशिवाय गाडीचं बिल निघत नाही.

बाहेर गर्दी आहे, पण आमच्या दाराशी नाही. लोक दातांच्या ओपीडीसमोरच्या बाकड्यांवर बसलेत. गाववाला भेटला तर दाढ दुखतीय म्हणायला बरं. ताईंना ते ठाऊक आहे. त्या बाहेर येऊन नाव पुकारत नाहीत. नुसतं बघतात, माणूस उठून आत येतो.

१०.३०. केसपेपरला पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळंच मोफत झालं. पण यायला खर्च आहे. एक मावशी तिशीतल्या पोराला घेऊन आल्यात. आजची भांगलण बुडाली, म्हणजे तीनशे गेले. वडापचे जाऊन-येऊन ऐंशी. पोराला इंजेक्शन आहे, महिन्याला एक. वर रोजच्या गोळ्या.

"आधी कुठं दाखवलं होतं?" हा प्रश्न ताई प्रत्येक नव्या माणसाला विचारतात. उत्तर बहुतेकदा एकच: देवऋषी. त्या तसंच लिहून घेतात, वाद घालत नाहीत. शेजारच्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर हीच वाट अडवून उभे राहिले. ऑगस्ट २०१३ मध्ये त्यांचा खून झाला, डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा ताईंना पाठ आहे. तरी मावशींना त्या एवढंच म्हणतात, "अंगारा लावायचा तर लावा. गोळी चुकवायची न्हाई."

११.४५. आता कात्रीचं काम. गोळ्यांची पट्टी दहाची. रोज दीड गोळी असेल तर तीस दिवसांच्या पंचेचाळीस, म्हणजे साडेचार पट्ट्या. पट्टी कापताना मुदतीची तारीख छापलेली बाजू खोक्यात ठेवायची, नाहीतर उरलेल्या गोळ्या कधीच्या ते कळत नाही. अर्ध्या गोळ्या ब्लेडनं. चुरा झाला तर ती गोळी वाया, आणि रजिस्टरात तिचाही हिशोब. कागदी पाकिटावर सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची. ताईंचा चंद्र केळ्यासारखा येतो. मावशींना तो बरोबर कळतो.

"झोपच लई येतीया वो त्याला."

"डॉक्टरांना सांगितलंय. सकाळची अर्धी केलीय. बघा, सूर्याच्या पाकिटात अर्ध्याच हायत."

२.००. डबा. नंतर समोरच्या टपरीवर चहा, दहा रुपये. कार्यक्रम १९९६ चा आहे, ताईंच्या शाळेच्या दिवसांतला. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून, साठ टक्के केंद्राचा, चाळीस राज्याचा. केंद्राच्या हिशोबानं एका जिल्ह्याला वर्षाला ८३ लाख २० हजारांपर्यंत. मी मोबाइलवर भागाकार केला. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्हा २८ लाख २२ हजार. डोईला वर्षाचे तीन रुपये भरत नाहीत. ताईंनी आकडा बघितला आणि चहा संपवला.

२.३०. फॉर्म. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजारही येतो. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र मिळालं की संजय गांधी निराधार योजनेला अर्ज करता येतो. मावशींच्या पोराचा अर्ज ताई भरतात. आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, फोटो. दाखला नाही. म्हणजे तहसीलची एक फेरी, प्रमाणपत्राला सांगलीची एक फेरी, दोन दिवसांची भांगलण. मावशी कागद पदराच्या टोकाला बांधतात.

३.४०. गृहभेट. गावच्या आशा सेविकेची स्कूटी, पेट्रोलला शंभर ताईंनी दिले. एक द्राक्षबागायतदार दोन महिने गोळ्या न्यायला आलेला नाही. गेल्या वर्षी तो औषध प्यायला होता. या भागात 'औषध' म्हटलं की आधी फवारणीचं आठवतं. म्हणून ताई तो शब्द घरात वापरत नाहीत. 'गोळ्या' म्हणतात.

घरातल्या वहिनी दारातच उभ्या. "पोलिसांचं काय न्हाई ना?"

नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम सांगतं, असा माणूस प्रचंड ताणात होता असं धरायचं, गुन्हेगार नाही. ताई हे पायरीवर बसून सांगतात, कलमाचा आकडा न घेता. आत बागायतदार खाटेवर बसून आहे. बागेचा विषय निघतो, दर निघतो. वीस मिनिटांनी तो म्हणतो, "बरं वाटत होतं, म्हणून बंद केल्या." हे ताईंनी शेकडो वेळा ऐकलंय. फवारणीची बाटली कुठं ठेवता, हे त्या वहिनींना जाताना विचारतात. कुलूप लावायला सांगतात. वहिनींना शेतातली जुनी पत्र्याची पेटी आठवते. तिथंच ठरतं.

५.१५. सांगलीची गाडी गेली. ताई रजिस्टर जुळवतात. नवे रुग्ण, जुने, सोडून गेलेले, परत आलेले. मार्चअखेर, म्हणून खर्चाचा ताळाही. अनुदान शीर्षनिहाय येतं. प्रचाराच्या शीर्षातला रुपया गोळ्यांना चालत नाही, गोळ्यांचा गाडीला नाही. ३१ च्या आत खर्ची पडून उपयोगिता प्रमाणपत्र वर गेलं पाहिजे, तरच पुढचा हप्ता. कागद मोठा चोख असतो. त्यात कात्रीला मात्र शीर्ष नाही.

"पगार कधी होतो?"

"अनुदान आलं की."

६.३०. परतीची एसटी. जागा नाही. विट्यापासून कडेपूरपर्यंत उभ्या, मग खिडकी मिळाली.

८.१०. कराड. मुलाचा अभ्यास, कुकर, उद्याची भाजी निवडणं.

९.४०. फोन. बागायतदाराच्या घरच्या वहिनी. आज रात्रीची गोळी घेतली त्यांनी. आणि रात्री मध्येच काही वाटलं तर कुणाला फोन करायचा?

ताईंनी तो नंबर दुपारी दिलेल्या पाकिटावर चंद्राखाली लिहिलेलाच होता. पुन्हा सांगितला, एकेक आकडा सुटा करून. १४४१६. टेलिमानस. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो.