आत्मविश्वास आधी की काम आधी?

व्याख्यान सुरू होण्याआधी आम्ही तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्या वाचत होतो. बहुतेकांचा सूर एकच आहे. ‘मुलगा हुशार आहे, पण परीक्षेचा फॉर्मच भरत नाही.’ ‘मुलीला सगळं येतं, पण चारचौघांत बोलायला उठत नाही.’ आणि शेवटी प्रश्न असा, की यांच्यात आधी आत्मविश्वास कसा आणायचा?

या प्रश्नातला ‘आधी’ हा शब्द आज आपण नीट बघू. आपण धरून चालतो की आधी भीती जाईल, मग आत्मविश्वास येईल आणि मग काम सुरू होईल. तुमच्यापैकी कितीतरी जण लहानपणी विहिरीत पोहायला शिकले असतील. पाठीला डबा बांधायचा, वर कुणीतरी जाणतं माणूस उभं असायचं आणि भीत भीतच आपण पाण्यात उतरायचो. चार दिवस नाकातोंडात पाणी जायचं. मग एक दिवस डबा सुटायचा. भीती गेली ती पाण्यात उतरल्यावर. काठावर बसून कुणाचीच गेली नाही.

आता अपयशाची भीती म्हणजे नेमकी कशाची भीती? परीक्षेत नापास झालं तर वर्ष जातं, पैसे जातात. बेताची परिस्थिती असलेल्या घरात हे नुकसान खरंच मोठं असतं, ते आपण हसण्यावारी नेऊ नये. पण त्यावर आपण आणखी एक ओझं ठेवतो, ते म्हणजे लाजेचं. ‘पेपर गेला’ याचं ‘मी वाया गेलो’ असं होतं. मग काही मुलं यातून सोपी वाट काढतात. फॉर्मच भरायचा नाही. म्हणजे ‘बसलो असतो तर निघालो असतो’ असं आयुष्यभर म्हणता येतं. अब्रू वाचते, पण अनुभवाची पाटी कोरीच राहते.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. पाण्याचं दुर्भिक्ष असलेला भाग. तिथले दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचं काम करायचे. वडील गेल्यावर घराची जबाबदारी अंगावर आली आणि २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले. तिथे त्यांना रोइंगसाठी, म्हणजे वल्ह्यांची बोट चालवण्याच्या खेळासाठी निवडलं गेलं. सुरुवातीला त्यांना पाण्याचीच भीती वाटायची. पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये रोइंगला भारतातून ते एकटेच होते. उपांत्यपूर्व फेरीत चौथे आले आणि पदकाची आशा तिथेच संपली. पण खालच्या क्रमांकांसाठीच्या शर्यती बाकी होत्या. त्या ते जीव तोडून खेळले आणि एकूण तेरावे आले.

खरी कसोटी पुढे आहे. २०१८ च्या आशियाई स्पर्धा, इंडोनेशियातलं पालेमबांग. २३ ऑगस्टला एकेरी शर्यतीची अंतिम फेरी होती. तब्येत बरी नव्हती. ते सर्वांत शेवटी, सहावे आले. दुसऱ्याच दिवशी चौघांच्या बोटीची शर्यत होती. विचार करा, कालच्या शर्यतीचं दडपण किती असेल! पण स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर ते बोटीत बसले आणि २४ ऑगस्टला भारताने सुवर्णपदक जिंकलं.

कालचा निकाल बदलला नव्हता. आदल्या दिवशी ते शेवटचे आले होते, हे खरंच होतं. पण तो एका शर्यतीचा निकाल होता. त्यापुढे सहा वर्षांचा सराव होता आणि बोटीत तिघे सोबती होते.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये हीच गोष्ट शास्त्राच्या भाषेत मांडली. ‘हे ठरावीक काम मला जमेल’ हा भरवसा चार वाटांनी येतो, असं त्याने सांगितलं. पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे स्वतः केलेलं काम. दुसरी, आपल्यासारख्याच माणसाला ते जमलेलं बघणं. तिसरी, विश्वासातल्या माणसाने दिलेला धीर. चौथी, शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. छाती धडधडली की एक जण म्हणतो ‘मला जमणार नाही’, दुसरा म्हणतो ‘अंग तयारीला लागलंय’.

यात ‘ठरावीक काम’ हे शब्द महत्त्वाचे. लासलगावच्या कांदा लिलावात ठामपणे भाव बोलणारा माणूस माईकसमोर अडखळतो. म्हणून ‘माझ्यात आत्मविश्वासच नाही’ असं सरसकट म्हणू नका. कुठल्या कामात नाही, ते शोधा. मग त्या कामाचे तुकडे करा. भाषणाची भीती असेल तर आधी घरात दोन मिनिटं, मग मित्रांपुढे पाच मिनिटं, मग वर्गात. प्रत्येक पायरीनंतर वहीत तीन ओळी लिहा: काय जमलं, काय फसलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. फसल्याची नोंद झाली की ते काम होतं, नोंद नसली की नुसतीच लाज उरते.

आता थोडं आम्हा पालकांविषयी. ब्याण्णव टक्के मिळवून मूल घरी येतं आणि आम्ही विचारतो, ‘बाकीचे आठ कुठे गेले?’ आम्हीही हे केलेलं आहे, म्हणूनच सांगतो. अशा घरात मूल हरायला घाबरतं, आणि हरलं तर सांगायला त्याहून जास्त घाबरतं. निकालाच्या दिवशी मुलाला घरी यायची भीती वाटू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पोहणं मुलालाच शिकायचं आहे. पाठीला डबा बांधणं आणि काठावर उभं राहणं, हे आपलं काम. आज घरी गेल्यावर मुलाला निकाल विचारू नका. ‘या आठवड्यात पहिल्यांदाच काय करून बघितलंस?’ एवढंच विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.