एकदाच घेतलेली उचल

येवल्याजवळ कोटमगावला नवरात्रात जगदंबेची यात्रा भरते. अशा यात्रांत आकाशपाळण्याशेजारी ड्रॅगनच्या तोंडाची एक गाडी हमखास असते. गोल रुळांवर वरखाली होत ती चार-पाच फेऱ्या मारते आणि पोरं घरी येऊन ‘रोलर कोस्टरमध्ये बसलो’ म्हणून सांगतात. सांगू देत बापडी. पण ती रोलर कोस्टर नव्हे. त्या गाडीला मोटर असते आणि ती चढावर ओढते तशी उतारावरही चालूच असते. खऱ्या रोलर कोस्टरच्या गाडीला ना इंजिन, ना मोटर. तिला सुरुवातीला एकदा उंच नेतात. पुढे ती उचल फेडत यायचं, बस्स.

तशी गाडी बघायची तर खोपोलीजवळ इमॅजिकात जावं. हे उद्यान 2013 साली सुरू झालं. तिथली ‘नायट्रो’ बोलिगर आणि माबिलार्ड या स्विस कंपनीची आहे आणि तिची पहिली करामत गाडी हलायच्या आधीच दिसते. एका रांगेत चौघे बसतात, खांद्यांवरून दांडे खाली येऊन अडकतात आणि मग पायांखालची फलाटाची फरशीच खाली जाते. समोरचं फाटक उघडतं. पाय अधांतरी लोंबकळू लागतात. गाडीला स्वतःचा तळ नाही, म्हणून चढता-उतरताना पाय टेकायला ही फरशी. ती पूर्ण बाजूला झाल्याची खूण मिळाल्याशिवाय नियंत्रण यंत्रणा गाडी सोडत नाही.

मग येते चढण. बसलेल्यांच्या दृष्टीने हा सगळ्यात रटाळ भाग. माझ्या मते मात्र यंत्र म्हणून बघण्यासारखं जे काही आहे, ते निम्मं-अधिक इथेच आहे. दोन रुळांच्या मधल्या पन्हळीतून एक अखंड साखळी फिरत असते. मोटर आणि गिअरपेटी तिला ओढतात. गाडीच्या पोटाखालचा आकडा साखळीत अडकतो आणि गाडी वर निघते. नायट्रोची उंची सुमारे 40 मीटर. गाडी माणसांसकट 10 टन धरली, तर घर्षण वगळून तिला तिथवर न्यायला लागणारी ऊर्जा जेमतेम 1 युनिट भरते. महावितरणच्या बिलावर असतं तेच 1 युनिट! खरी किंमत मोजावी लागते ती घाईची. हेच काम 30 सेकंदांत उरकायचं तर सुमारे 175 हॉर्सपॉवर लागते, म्हणजे विहिरीवरच्या 5 हॉर्सपॉवरच्या 35 मोटरी एकदम. त्यातली एकटी मोटरही गाडी वर नेईल, पण साडेसतरा मिनिटं घेईल.

चढताना खट-खट-खट असा जो आवाज येतो, तो साखळीचा आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. चढणीवर साखळीच्या बाजूने एक दातेरी पट्टी असते आणि गाडीखाली लोंबणारी खिट्टी तिच्यावरून जात असते. पुढे जाताना खिट्टी प्रत्येक दातावर चढते आणि पलीकडे पडते. तोच हा आवाज. साखळी तुटली, तर गाडी फार तर एका दाताएवढी मागे येईल आणि खिट्टीवर अडेल. येवलेकरांना यात नवल वाटायला नको. हातमागावर विणलेली पैठणी ज्या रुळावर गुंडाळतात, त्याच्या टोकालाही दातेरी चाक आणि खिट्टी असतेच. मागून ताण्याची ओढ कितीही असो, गुंडाळलेलं कापड उलगडत नाही. आता या खिट्ट्या बिनआवाजाच्याही करतात. मला विचाराल तर खटखट असलेली बरी.

दाते आणि खिट्टीची ही युक्ती करमणुकीसाठी निघालेली नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मॉक चंक इथे 1827 साली कोळशासाठी रूळ टाकले. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली यायच्या आणि रिकाम्या वाघिणी खेचरं वर ओढायची. खाली येताना खेचरांनाही गाडीत बसवून आणत. तिची त्यांना इतकी चटक लागली की चालत उतरायला ती तयार होईनात, असं सांगतात. पुढे खेचरांच्या जागी वाफेची इंजिनं आली आणि चढावर गाडी मागे येऊ नये म्हणून दाते आणि खिट्टी. कोळशाच्या जोडीला लोकही तिकीट काढून तिथे बसू लागले. अमेरिकेतच कोनी आयलंडवर 1884 साली थॉम्पसन नावाच्या माणसाने निव्वळ मौजेची गाडी सुरू केली, पण तिला चढणीचं यंत्रच नव्हतं; लोक जिना चढून वर जात. जॉन मिलरने 1910 च्या सुमारास खिट्टीचं, तर 1919 साली रुळाच्या खालच्या अंगाला धरून ठेवणाऱ्या चाकांचं पेटंट घेतलं. गाडी रुळावरून उचलली जात नाही ती या खालच्या चाकांमुळे.

माथ्यावर गाडी साखळीतून कोण सोडवतो? कोणीच नाही. निम्म्याहून अधिक गाडी पलीकडे झुकली की तिचा वेग साखळीपेक्षा वाढतो आणि आकडा आपसूक सुटतो. त्यामुळे पुढच्या सीटवरच्यांना उतारावर नुसतं लटकून राहावं लागतं, तर शेवटच्या रांगेतले वेगात असतानाच माथ्यावरून खेचले जातात. पोटात गोळा यायला हवा असेल तर मागे बसा. 40 मीटरच्या उतरणीचा हिशेब ताशी 100 किलोमीटरपर्यंत जातो, मग गाडीत पैलवान असोत की पोरं. घर्षण वगळलं तर वजन जास्त म्हणून खाली येण्याचा वेग वाढत नाही.

पुढची प्रत्येक टेकडी पहिलीपेक्षा ठेंगणी ठेवावीच लागते, कारण वारा आणि चाकांचं घर्षण आपला वाटा घेत असतात. शेवटी उरलेला वेग बऱ्याच गाड्यांत चुंबकांनी मारतात. धातूची पट्टी जोरदार चुंबकांमधून वेगाने गेली की पट्टीत वीजप्रवाह निर्माण होतो आणि तोच तिला अडवतो. याला बाहेरची वीज लागत नाही, म्हणून वीज गेली तरी हा ब्रेक लागतोच. मात्र वेग कमी होईल तशी त्याची पकडही ढिली पडते, म्हणून गाडी पुरती थांबवायला घासणारे ब्रेक लागतात.

एका रुळावर दोन-तीन गाड्या असल्या, तर मनमाड-दौंड रेल्वेमार्गावर असते तशीच ब्लॉकची शिस्त इथेही पाळतात. पुढचा टप्पा मोकळा झाल्याशिवाय मागच्या गाडीला वाट नाही. चढण हाही एक ब्लॉकच. वर जाताना गाडी मध्येच थांबली की लोक ओरडतात, पण थांबायला त्याहून बरी जागा नाही. खिट्टी लागलेली असते, साखळी पुन्हा सुरू करता येते आणि फारच झालं तर बाजूच्या जिन्याने खाली आणता येतं. पंचाईत होते ती दोन टेकड्यांमधल्या खोलगटात गाडी अडकली तर. गारठ्यात चाकांतलं ग्रीस घट्ट असलं, वारा समोरून असला की वेग पुरत नाही आणि गाडी झुलत झुलत तळाशी येऊन थांबते. तिथे ना साखळी, ना मोटर. म्हणून सकाळी लोकांना बसवण्याआधी रिकाम्या गाडीच्या फेऱ्या मारून वेळ तपासतात. तरीही अडकलीच, तर माणसं उतरवायची आणि गाडी दोरखंडाने नाहीतर क्रेनने ओढून काढायची.