ट्रॅक्टराच्या सायलेन्सराचा आवाज व पहिल्या गिअरांतील थरकाप

खरिपाची पेरणी तोंडावर आली असतां ट्रॅक्टर पहिल्या गिअरांत थरथरूं लागतो, सायलेन्सराचा आवाज फाटतो, आणि मालक मिस्त्रीकडे धांव घेतो. मिस्त्री पुष्कळदां "क्लच गेला" एवढेंच सांगतो. क्लचप्लेट बदलावयाची म्हणजे इंजिन गिअरबॉक्सापासून वेगळें करून ट्रॅक्टराचे मधोमध दोन भाग करावे लागतात. तेवढ्यांत वाफसा निघून जातो. सबब खर्चाचा निर्णय करण्यापूर्वीं दोष नेमका कोठें आहे याची चौकशी शेतकऱ्यानें स्वतः करावी. जागेवर जाऊन पाहिल्यावांचून पंचनामा लिहूं नये, हें महसुली दप्तरांत जन्म घालविलेल्या मनुष्यास सांगावें लागत नाहीं; येथेंही तोच न्याय.

प्रथम आवाज. सकाळीं इंजिन थंड असतांना सुरू करावें. टिक् टिक् असा बारीक ठोका ऐकूं आला व इंजिन तापल्यावर तो मंदावला, तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डाचें गॅस्केट फुटलें किंवा त्याचे नट ढिले झाले असें बहुधा समजावें. कारण तापल्यानें लोखंड फुगतें व फट आवळते. फटीपाशीं काजळीचा काळा डाग दिसतो. हा पुरावा कानाहून अधिक भरंवशाचा. आवाज भसाडा असून सायलेन्सराच्याच पोटांतून येत असेल, तर पत्रा गंजून छिद्र पडलेलें असतें. उभ्या नळीवर झांकण नसलें म्हणजे पावसाचें पाणी आंत उतरतें. अशा छिद्रांतून तप्त वायु व प्रसंगीं ठिणगीही बाहेर पडते. कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या ढिगाजवळ तो ट्रॅक्टर उभा करूं नये.

आतां थरकाप. मोटारगाडीचें इंजिन रबराच्या बैठकींवर बसविलेलें असतें, व त्या फाटल्या तरी गाडी हादरते. ट्रॅक्टराचें बहुधा तसें नसतें. इंजिन, गिअरबॉक्स व मागील आंस हाच त्याचा कणा. म्हणून जोडाचे बोल्ट आधीं तपासावे. नंतर सपाट जागीं पेडल सावकाश सोडावें. थरकाप पेडल सुटतांनाच होऊन पुढें थांबत असेल तर दोष क्लचाचा: प्लेटीवर तेल आलें आहे, ती जळून गुळगुळीत झाली आहे, किंवा मिस्त्री ज्यांस फिंगर म्हणतात तीं बोटें सारख्या उंचीचीं नाहींत. राजूर घाटांत भरलेली ट्रॉली चढवितांना पेडलावर पाय ठेवून बसण्याची खोड प्लेटी जाळते.

पेडल पूर्ण सुटल्यावरही ओझ्याखालीं थरकाप राहिला, तर कान पुन्हा सायलेन्सराकडे द्यावा. एक ठोका नियमानें चुकत असेल तर एखादा सिलिंडर काम करीत नाहीं. मग डिझेलाचा फिल्टर व नळ्यांत शिरलेली हवा पाहावी. जुन्या पंपाच्या इंजिनांत मिस्त्री मंद गतीवर एकेका इंजेक्टराच्या नळीचा नट किंचित ढिला करतो. ज्यानें आवाजांत फरक पडत नाहीं तो सिलिंडर मेलेला. हें आपण करूं नये. दाबाचें डिझेल कातडी भेदून आंत शिरतें, व जखम टांचणीएवढी दिसली तरी तत्काळ रुग्णालय गांठावें लागतें. ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचा ट्रेम-४ नियम लागू झाला. त्यांतील पुष्कळांत कॉमन रेल पद्धत आहे. तेथें ही युक्ति मिस्त्रीसही करूं देऊं नये.

मिस्त्रीकडे जातांना थरकाप कोणत्या गिअरांत, पेडल कोठें असतां, इंजिन थंड कीं तापलेलें, मागें ओझें किती, एवढें कागदावर लिहून न्यावें.