वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा सुरय

आम्हा बेळगावकरांचा समुद्र म्हणजे वेंगुर्ला, नाहीतर गोवा. आंबोलीचा घाट उतरला की आम्ही वाळू, मासे आणि सोलकढीत रमतो. पण त्याच किनाऱ्यासमोर भर समुद्रात खडकाळ बेटांचा एक पुंजका आहे, वेंगुर्ला रॉक्स. तिथे दीपगृह आहे आणि समुद्रपक्ष्यांची वीणही तिथेच होते. त्यांतल्या एकाची ओळख मला आपल्या मुलांना करून द्यायची आहे.

हा ब्रायडल्ड टर्न. टर्नला मराठीत सुरय म्हणतात. डोळ्यातून चोचीपर्यंत काळी रेघ, जणू घोड्याचा लगाम. त्यावरूनच हे नाव पडले. पाठ राखाडी-तपकिरी, पोट पांढरे, शेपूट दुभंगलेली. वर्षाचा बराच काळ तो समुद्रावरच काढतो. पाण्यावर आलेले छोटे मासे उडता उडता टिपतो, दमला की तरंगत्या ओंडक्यावर बसतो. जमिनीची गरज त्याला लागते ती पिल्लांसाठी.

घरटे म्हणावे असे तो काही बांधत नाही. खडकाच्या कपारीत मादी एकच अंडे घालते. नर-मादी पाळीपाळीने ते साधारण महिनाभर उबवतात. ते अंडे गेले, तर बहुधा त्या जोडीचा सगळा हंगाम गेला.

1942 मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात इथल्या सुरयांवर आणि गुहांतल्या पाकोळ्यांवर लेख लिहिला होता. या पाकोळ्यांची लाळेची घरटी सूपासाठी विकली जातात, म्हणून इथून ती चोरीलाही गेली आहेत.

पावसाळ्यात समुद्र खवळतो, मासेमारी बंद असते, त्यामुळे बेटांना आपोआप राखण मिळते. माणूस उतरला की पक्षी उठतात आणि अंडे उघडे पडते. म्हणून विणीच्या दिवसांत बेटावर उतरण्याचा हट्ट धरू नये; फोटो होडीतूनही निघतो.

आणखी एक. वादळानंतर थकलेले सुरय कधी किनाऱ्यावर येऊन पडतात. त्यांना परत पाण्यात फेकू नका, चोचीत पाणी ओतू नका. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा क्रमांक आहे. सुट्टीला निघण्यापूर्वी तो मोबाईलमध्ये टाकून ठेवा.