विजेची गाडी रुसते तेव्हा

पेट्रोलची गाडी बिघडली म्हणजे निदान फुरफुरते, धूर सोडते, किकच्या चार लाथा खाऊन दुखणे कबूल तरी करते. विजेच्या स्कूटरचे तसे नाही. दिवा लागतो, बॅटरी भरल्याची ग्वाही पडद्यावरचा आकडा देतो, अन् मूठ कितीही पिळली तरी चाक ढिम्म! भंडारा जिल्ह्यातल्या आसगावी, ऐन धानकापणीच्या दिवसांत, कुणाला घेऊन पवनीच्या दवाखान्यात निघालेल्या माणसाची मग काय तारांबळ होत असेल, ते शहरी वाचकांनी कल्पनेनेच जाणावे.

पहिला संशय बिचाऱ्या मोटारीवर जातो, आणि तो बहुधा खोटा असतो. गाडी हलत नाही ती पुष्कळदा कोणी तरी तिला 'हलू नकोस' म्हणून बजावलेले असते म्हणून. बाजूचे स्टँड खाली असले की बऱ्याच गाड्यांत एक स्विच मोटारीची वीज तोडतो. तो चिखलाने माखला, तर स्टँड वर केले तरी त्याची समजूत पटत नाही. ब्रेकच्या दांड्याशीही असाच पहारेकरी असतो. ब्रेक न दाबताच मागचा तांबडा दिवा जळत राहिला, तर चोर तिथेच आहे असे समजावे. सीटखालचा एमसीबी पडला असेल तर एकदा वर करावा. पुन्हा पडला तर हट्ट धरू नये.

मुंबईत १९६२ ते १९७१ पर्यंत ट्रॉलीबस धावत. डोक्यावरचा दांडा तारेवरून घसरला की बस थांबे, पण दोष सगळ्या रस्त्याला दिसे! आताचा दोष डब्यात बंद असतो.

म्हणून मधल्या स्टँडवर गाडी चढवून, मागचे चाक अधांतरी ठेवून, मूठ अगदी हलके पिळून पाहावी. चाक छान फिरते, पण माणूस बसताच गाडी मरते? मग बॅटरी थकली आहे किंवा तिचा जोड सैल झाला आहे. दिव्याला वीज लागते ती किती, आणि दोन माणसे ओढायला किती! चाक नुसतेच थरथरत असेल, तर मोटारीच्या तारा किंवा चाकाची जागा सांगणारे सेन्सर तपासायला हवेत. मुळीच हलत नसेल, तर वरचे पहारेकरी, मूठ किंवा कंट्रोलर. बॅटरीचा डबा मात्र घरी उघडू नये. ती फुगली, तापली वा वास मारू लागली, तर गाडीपासून दूरच व्हावे.

मेकॅनिकला फोनवर नुसते 'गाडी बंद पडली' असे सांगू नये. चाक अधांतरी फिरते का, पडद्यावर कोणता आकडा उमटला, एवढे कळले तर तो नेमका सुटा भाग पिशवीत टाकून निघतो. पवनी ते आसगाव दुसरी खेप वाचते.