पाऊस नसताना गळणारं छप्पर

पत्र्याचं छप्पर घातलेल्या कोकणातल्या घरांतून एक तक्रार हिवाळ्यात हमखास ऐकू येते. पाऊस जाऊन दोन महिने झाले, तरी पहाटे माळ्यावर ठिबकतं. पत्रेवाल्याला बोलावणं जातं. तो वर चढून प्रत्येक स्क्रूभोवती सिलिकॉन फासतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या निरभ्र रात्रीनंतर पुन्हा तेच. मग कोणीतरी वॉटरप्रूफिंगचं नाव काढतं आणि खर्चाला आणखी एक शून्य चढतं. बाहेरून पाणी येतच नसेल, तर बाहेरून लावलेला कुठलाही लेप त्याला काय अडवणार?

हे पाणी घरातल्याच हवेतलं असतं. हवेत किती वाफ मावते हे तिच्या तापमानावर ठरतं. २८ अंश सेल्सियसची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त २७ ग्रॅम वाफ धरते, २० अंशांची जेमतेम १७. दमट हवा एखाद्या थंड पृष्ठभागाला टेकली की जास्तीची वाफ तिथेच पाणी होऊन बसते. गार पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो तसा. पत्रा असा थंड होतो तो आकाशामुळे. निरभ्र रात्री छप्पर आपली उष्णता सरळ वर सोडत राहतं. पत्रा पातळ, त्याच्याजवळ ऊब साठवायला काहीच नाही, त्यामुळे तो भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश खाली उतरतो. आभाळ भरलेलं असेल तर ढगांकडून बरीच उष्णता परत येते. म्हणून भर आषाढात पत्र्याला सहसा घाम फुटत नाही, पौषात फुटतो. लोकांना हे उलटं वाटतं, आणि म्हणूनच गळतीचा संशय पक्का होतो.

गळती आणि घाम ओळखणं मात्र अवघड नाही. गळतीचं पाणी पावसाबरोबर येतं, ठराविक जागी येतं आणि लाकडावर तपकिरी ओघळ सोडतं. घाम पहाटे येतो, पत्र्याभर पसरतो, उतारावरून घरंगळत पत्र्याखालच्या आधाराच्या पाइपाशी अडतो आणि तिथून रांगेने थेंब पडतात. स्क्रूंची आत आलेली टोकं सगळ्यात आधी ओली होतात आणि गंजतात. ऊन चढलं की दहा वाजेपर्यंत सगळं कोरडं. विजेरी घेऊन पहाटे एकदा माळ्यावर चढलं, तर पत्रेवाल्याची फेरी वाचते.

कौलारू घरांत ही भानगड फारशी नव्हती. मातीचं कौल जाड आणि सच्छिद्र. थोडी ओल पोटात घेतं आणि उन्हात सोडून देतं, शिवाय दोन कौलांमधल्या फटींतून माळा श्वास घेत राहतो. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली चपटी कौलं किनाऱ्यावर सगळीकडे पोचली. त्याआधीच्या नळ्यांच्या छपरात तर फटी आणखी जास्त. आज कौलं काढणाऱ्यांना मी दोष देणार नाही. वानरांचे कळप छपरावर उड्या मारून जातात, शाकारणीला माणूस मिळत नाही, आणि जो मिळतो तो मे महिन्यात दहा घरं धरून बसलेला असतो. पण पत्रा घालताना कौलाबरोबर त्या फटीही गेल्या, याचा हिशेब कोणी करत नाही.

त्याआधी गेली ती चूल. स्वयंपाकघराची ऊब आणि धूर माळ्यातून फिरून कौलांतून बाहेर पडायचा. पावसाळ्यात बाहेरची हवा २६ अंशांची आणि ९५ टक्के दमट असली, तरी तीच हवा चार अंशांनी तापली की तिची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर येते. वाफ तेवढीच राहते, हवेची धरून ठेवायची ताकद वाढते. बुरशी साधारण ७५–८० टक्क्यांच्या पुढे जोर धरते. चार अंशांच्या एवढ्याशा उबेवर माळ्यावरची आमसुलं, सुपारी आणि बियाण्याचं भात पावसाळा काढत होतं. घरातल्या बायकांच्या डोळ्यांनी त्या धुराची किंमत मोजली, तेव्हा चुलीचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. गॅस आला हे चांगलंच झालं. फक्त गॅस कोरडा नसतो. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघरात बावीसेक लिटर पाणी सोडून जातो. भाताची, आमटीची वाफ वेगळी, आणि पावसाळ्यात माजघरात वाळत घातलेल्या कपड्यांची आणखी वेगळी. ही सगळी वाफ हलकी, उबदार. जिन्याच्या तोंडातून सरळ माळ्यावर जाते. म्हणून पहिला खर्च छपरावर नको, खाली करा. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात एक्झॉस्ट पंखा बसवा आणि त्याचं तोंड घराबाहेर काढा. काही ठिकाणी ते फॉल्स सीलिंगच्या पोटातच सोडलेलं असतं. तो पंखा नसता तर बरं, अशी गत.

फॉल्स सीलिंग आणि एसी ही जोडी तर स्वतंत्र डोकेदुखी आहे. किनाऱ्यावर पावसाळ्यात दवबिंदू २४–२५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड झालेली कुठलीही वस्तू ओली होणार. खाली एसी २० अंशांवर आणि वर माळ्यात बाहेरची दमट हवा, मध्ये अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. पाणी बोर्डाच्या वरच्या बाजूला धरतं आणि खालून आधी पिवळा, मग काळा डाग दिसतो. एसी २६ अंशांवर ठेवला तर हा प्रकार बहुतेक वेळा टळतो. नाहीतर बोर्डाच्या वर इन्सुलेशन हवं आणि त्याच्याही वर, माळ्याच्या बाजूला, वाफ अडवणारा थर हवा.

यातली दिशा महत्त्वाची. ब्रिटनमध्ये वाफ गरम घरातून थंड माळ्यात चढते, म्हणून तिथे हा थर खाली, खोलीच्या बाजूला घालतात. तिथे माळ्याच्या जमिनीवर २७० मिलिमीटर जाड इन्सुलेशनची लोकर पसरायची शिफारस असते आणि वळचणीपाशी निदान १० मिलिमीटरची सलग फट मोकळी ठेवावी लागते. लोकर कोपऱ्यापर्यंत कोंबून ती फट बुजवली की हिवाळ्यात छपराचं लाकूड ओलं झालंच. लंडनच्या नातेवाइकाने पाठवलेला सल्ला रत्नागिरीत जसाच्या तसा लावला, तर एसीच्या खोलीवर तो उलटा पडतो.

पत्र्याच्या घामावर खरा इलाज पत्रा आणि दमट हवा यांची गाठ न पडू देण्याचा. नवं छप्पर घालत असाल तर दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेलं पफ पॅनेल घ्या. जुनं असेल तर फॉइल लावलेला फोम पत्र्याला आतून चिकटवा, सांधे टेपने बंद करा. उघडी फट राहिली की हवा तिथून पत्र्याला भिडते आणि फोमच्या मागे पाणी साठतं. पत्र्यावर कौलं मांडण्याची पद्धतही चांगली. पत्र्याला आकाश दिसत नाही, म्हणून तो तेवढा गार होत नाही, आणि घरही घरासारखं दिसतं. आढ्यापाशी आणि वळचणीला जाळी लावलेल्या फटी ठेवा. वाऱ्यावर फिरणारा टर्बो पंखा काम करतो, पण खालून हवा आत यायला वाट असेल तरच.

सामानाचं थोडक्यात. गाद्या आणि ट्रंका भिंतीला किंवा उताराला टेकवू नका. कळीचा चुना ओल शोषतो, पण एकदा विरला की संपला. ओल शोषणारे डबे बंद कपाटात चालतात. उघड्या माळ्यावर ठेवणं म्हणजे सगळ्या गावाची हवा सुकवायला बसणं. बुरशी आलेलं लाकूड तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्याने पुसा आणि सुकवा, त्यावर लगेच रंग मारू नका. पावसाळ्याच्या तोंडावर छोटा आर्द्रतामापक माळ्यावर ठेवून द्या. आकडा दिवसचे दिवस ८० च्या वर राहत असेल, तर कागदपत्रं आणि पैठण्या खाली आणा.