घुरघुरणारे पुढचे चाक
जुनी गाडी, घरची दुरुस्ती : लेखांक 9

धामणगाव रेल्वेत कुणाच्या पद्मिनीचे किंवा अम्बॅसडरचे पुढचे बेअरिंग गेले, की मालक पहिला फोन नागपूरला लावतो. जुन्या गाड्यांचा जाणकार शोधायचा, पार्टची वाट बघायची, तोवर गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली. माझे म्हणणे असे, की निदान या एका कामासाठी गाव सोडायचे कारण नाही. कापसाच्या हंगामात जिथे जिनिंगसमोर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते, तिथे हे काम येणाऱ्या मिस्त्रींना तोटा नसतो. ट्रॅक्टरचे पुढचे चाक, ट्रॉलीचे चाक आणि जुन्या मोटारीचे पुढचे चाक एकाच घराण्यातले. इंजिन मागची चाके फिरवते. पुढची नुसती एका मुक्या दांड्यावर, म्हणजे स्टब एक्सलवर, मोकळी फिरतात. त्या दांड्यावर आत एक मोठे बेअरिंग, बाहेर एक लहान, मध्ये हब, मागे ऑइल सील, पुढे नट आणि त्यावर पत्र्याची टोपी. बस, एवढाच संसार.

मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाट 1100 बांधली, तीच 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. अम्बॅसडरचे उत्पादन 2014 मध्ये थांबले. त्यामुळे दाराची मूठ, ग्रिल, मीटरची काच यांसाठी भंगारबाजार पालथा घालावा लागतो. बेअरिंगचे तसे नाही. ते गाडीच्या नावाने नव्हे, नंबराने विकले जाते आणि तो नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो. समजा 30205 आहे. सुरुवातीचा 3 सांगतो की हे टेपर रोलर, म्हणजे उतरत्या रोलरांचे बेअरिंग. शेवटच्या 05 ला पाचाने गुणा : आतले भोक 25 मिलिमीटर. बाहेरचा व्यास 52. जगात कुठेही 30205 मागा, याच मापाचे मिळेल. नंबर एल आणि एम या इंग्रजी अक्षरांनी सुरू झाला तर ते इंची मापाचे. तिथे कप (बाहेरचे कडे) आणि कोन (रोलरांसह आतले कडे) यांचे नंबर वेगवेगळे असतात, दोन्ही उतरवून घ्या. हेन्री टिमकेन या अमेरिकन बग्गीवाल्याने 1898 मध्ये उतरत्या रोलरांचे पेटंट घेतले. आपल्याकडे बेअरिंग बनवणारी जयपूरची एनबीसी 1946 पासूनची. दुकानात मात्र खोक्याच्या झगमगाटावर जाऊ नका. जुने घासूनपुसून नव्या खोक्यात घातलेले बेअरिंगही बाजारात फिरते. पक्के बिल मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा पडला, तर दुसरे दुकान गाठा.

आता आवाज. बेअरिंग जायला लागले की पन्नासच्या पुढे एक घुरघुर सुरू होते, वेगाबरोबर चढते आणि क्लच दाबला तरी थांबत नाही. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकेच डावीकडे वळवा : भार उजव्या चाकावर जातो. घुरघुर वाढली तर संशय उजव्यावर. उलट वळवून उलट पडताळा. झिजलेला टायरही असाच घुमतो, पण डांबर बदलले की टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा नाही. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. हौसेने जुनी गाडी तिथे नेऊन ही परीक्षा घेऊ नका. सिमेंटच्या रस्त्याला स्वतःचाच एवढा आवाज असतो, की बेअरिंगची कुरकुर त्यात बुडून जाते.

मग चाक उचला. जॅकवर विसंबू नका, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या, मागच्या चाकांना उटी लावा. चाक वर आणि खाली धरून हलवा. खडखडले की लोक लगेच बेअरिंगचा निकाल लावतात. ट्रॉल्यांची चाके करण्यात हयात गेलेल्या इथल्या एका मिस्त्रींनी मला ऐकवले होते, ‘‘चाक हालते म्हणजे बेरिंगच गेली असं नसते भाऊ. आधी कोनाले तरी ब्रेकवर पाय ठेवाले सांगा.’’ सांगणे लाखमोलाचे आहे. ब्रेक दाबला की ड्रम मागच्या प्लेटला जखडला जातो आणि हबची हालचाल बंद पडते. तेवढ्याने खडखड थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही चाक हलत राहिले तर दोष चाक वळते त्या सांध्याचा, म्हणजे किंगपिनचा नाहीतर बॉल जॉइंटचा. या एका पायाने नवे बेअरिंग फुकट बदलण्याचा खर्च कितीतरी वेळा वाचतो.

खोलताना टोपी कडेकडेने ठोकत काढा, कॉटर पिन सरळ करून ओढा, नट सोडा. काही जुन्या गाड्यांत एका बाजूच्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणून पाना हलत नसेल तर त्याला पाइप लावण्यापूर्वी आटे बघा. जीप असेल तर एक नट नाही, दोन नट आणि मध्ये दुमडलेला वॉशर. ड्रम अडला तर ब्रेक शूचे अ‍ॅडजस्टमेंट सैल करा. हातोड्याने ड्रम बडवणे हा उपाय नव्हे.

निघालेले बेअरिंग लगेच भंगारात टाकू नका, डिझेलमध्ये धुऊन उजेडात धरा. कॉम्प्रेसरच्या हवेने ते गरागरा फिरवायचा मोह पोरांना हमखास होतो, तो आवरा. कोरडे बेअरिंग त्या वेगात फुटून रोलर अंगावर येऊ शकतो. रोलर निळे-तपकिरी पडले असतील तर ते तापले : ग्रीस संपले किंवा नट फार आवळला. कपाच्या चकाकत्या पट्ट्यावर खवले निघाल्यासारखे खड्डे असतील तर वय झाले. काळपट, खरबरीत डाग असतील तर पाणी गेले. आणि रोलरांच्या अंतराने समांतर उमटलेल्या रेघा दिसल्या, तर गाडी चालून नव्हे, उभी राहून बिघडली आहे. अमेरिकेत 1930 च्या दशकात डेट्रॉइटहून रेल्वेने पाठवलेल्या कोऱ्या मोटारींची चाके पोहोचल्यावर खडखडू लागली, तेव्हा हा प्रकार इंजिनिअरांच्या ध्यानात आला. चाक फिरत नाही, पण डब्याच्या धक्क्यांनी रोलर एकाच जागी घासत राहतो, मधले ग्रीस हटते आणि धातू धातूला खातो. शेडमधल्या गाडीला धक्के नसतात, पण पावसाळाभर एकाच जागी उभ्या चाकात ओल शिरली की गंजाच्या रेघाही तशाच पडतात. महिन्यातून एकदा गाडी अंगणात पुढे-मागे केली तरी पुष्कळ.

कप आणि कोन जोडीनेच बदला. जुन्या कपात नवा कोन घालणे ही काटकसर नव्हे. कप हबमध्ये घट्ट ठोकलेला असतो. त्याच्या मागे हबला दोन खाचा असतात, तिथून पितळी सळईने एकदा इकडे, एकदा तिकडे असे ठोकत बाहेर काढायचा. पोलादी छिन्नी नको, चरा पडतो. नवा कप तासभर फ्रीजमध्ये ठेवा, हब कोमट करा, आणि जुन्या कपाची बाहेरची कड जराशी घासून त्यालाच ठोकणी करा. ठोकताना कान द्या : कप अर्ध्यात असेपर्यंत आवाज बद्द येतो, तळाला टेकला की एकदम खणखणीत होतो. त्यानंतर एकही ठोका नको.

ग्रीस भरायला हातासारखे हत्यार नाही. तळहातावर लिंबाएवढा गोळा घ्या, कोनाची रुंद बाजू त्याच्या कडेवर दाबत राहा, रोलरांच्या फटींतून वरच्या बाजूने ग्रीस डोके काढेपर्यंत. मग थोडे फिरवून पुन्हा. ट्रॅक्टरवाले वापरतात ते लिथियमचे एपी-3 चालते. मात्र जुने ग्रीस पुरते पुसून काढा, दोन जातींची मिसळ पातळ होऊन वितळते. हबच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मे, त्याहून जास्त नको. ठासून भरलेले ग्रीस तापते, सील ओलांडते आणि थेट ब्रेक शूवर जाते. सील नवेच लावा, त्याचा ओठ ग्रीसकडे.

आणि आता नट. माझ्या मते, बदललेले बेअरिंग वर्षभरात पुन्हा जाते ते बहुतेक इथे. मिस्त्रीचा हात सवयीने आवळतो, आणि टेपर रोलरला आवळणे सोसत नाही. चाक फिरवत फिरवत नट पान्याने घट्ट करा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. मग पूर्ण सैल करा. मग नुसत्या बोटांनी टेकवा. नटाची खाच पिनच्या भोकाशी जुळली नाही तर मागे या, पुढे नाही. ठेवायची ढिलाई साधारण 0.03 ते 0.12 मिलिमीटर. आटे दीड मिलिमीटरचे आणि नटाला सहा खाचा असतील, तर एक खाच म्हणजे 0.25 मिलिमीटर, म्हणजे एका खाचेत घट्टही होते आणि गरजेच्या दुप्पट सैलही. म्हणून पुष्कळ स्टब एक्सलना कॉटर पिनसाठी दोन आडवी भोके असतात. तरीही जमले नाही तर वॉशर बदलून बघा. पिन नेहमी नवी. दुमडून पुन्हा सरळ केलेली पिन कधी तुटेल याचा भरवसा नाही, आणि ती तुटली की चाक गाडीच्या पुढे धावते.

एक अपवाद लक्षात ठेवा. उघडल्यावर रोलरऐवजी गोळ्या दिसल्या आणि दोन बेअरिंगांमध्ये नळीसारखा स्पेसर निघाला, तर वरचा नियम लागू नाही. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत तो नट चांगला जोराने आवळायचा असतो, ढिलाई स्पेसर सांभाळतो. आणि तुमच्या गाडीत मूळ काय होते याला फारसा अर्थ नाही. चाळीस-पन्नास वर्षांत कुणी काय बसवले याचा नेम नाही. आत दिसते ते खरे.

पन्नास वर्षांवरच्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करण्याचा नियम 2021 मध्ये आला. ‘मोठी दुरुस्ती’ केलेली गाडी त्यात बसत नाही असे ऐकून काही वाचक घाबरले आहेत. ती अट चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याबद्दल आहे. बेअरिंग निर्धास्त बदला.

काम झाल्यावर वीस किलोमीटर चालवून या आणि हबवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे, त्याच दिवशी सैल करा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर टोपी काढून ढिलाई पुन्हा एकदा बघा. ब्रेक दाबूनही ज्यांचे चाक हलत राहिले, त्यांनी पुढच्या आठवड्यापर्यंत गाडी गावातच फिरवावी. पुढचा लेख किंगपिनवर आहे.